आमच्या प्लांटच्या सत्यनारायण पूजा समितीला खुलं पत्र

समितीतल्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

यंदा मी पूजेची वर्गणी दिली नाही यावरून कॅन्टीनमध्ये जे चाललंय ते कानावर आलंय. कोणी म्हणतं नास्तिक झालाय, कोणी म्हणतं इन्क्रिमेंट कमी बसलं म्हणून राग काढतोय, पेंट शॉपच्या एका काकांनी तर घरी सगळं ठीक आहे ना अशी हळूच चौकशी पण केली. घरी सगळं ठीक आहे. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला, मी स्वतः सोवळं नेसून पाटावर बसलो, शिरा पण मीच ढवळला, सव्वा किलो रव्याला हात भरून येतात हो. तेव्हा माझं भांडण देवाशी नाही, म्हणजे आहे थोडं, त्याच्यावर पुढे येतोच, पण वर्गणी थांबवण्याइतकं नाही. वर्गणी तुमच्यामुळे थांबवलीय आणि ते पाठीमागे बोलत बसण्यापेक्षा सगळ्यांसमोर लिहिलेलं बरं. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसांची पण नाही, चाकणला असे शेकडो प्लांट आहेत, ज्याला कळायचं त्याला कळेल.

नोटीस बोर्डावर लागलंय की 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की पूजा आणि यजमान आपले ऑपरेशन्सचे साहेब, सपत्नीक. दरवर्षी कोणीतरी साहेब बसतोच, त्याला माझी काही हरकत नसते. यंदा आहे. का आहे ते तुमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे पण कोणी तोंडाने बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

स्टोअरला तो लातूरकडचा हेल्पर होता. ठेकेदाराचा माणूस. पितळी बुशचे दोन क्रेट कमी भरले, त्या शिफ्टला केजची, म्हणजे स्टोअरच्या कुलपातल्या जाळीची, किल्ली त्याच्याकडे होती, बस एवढ्यावर तो चोर ठरला. कोणी लेखी काही विचारलं नाही, त्याचं म्हणणं घेतलं नाही, कॅमेऱ्याचं फुटेज मागा असं तो हात जोडून सांगत होता तर फुटेज पंधरा दिवसांच्या वर राहत नाही असं उत्तर मिळालं, आणि दिवाळीच्या तोंडावर गेटवर त्याचा पास काढून घेतला. सिक्युरिटीवाल्याने सगळ्या शिफ्टसमोर त्याची टिफिनची पिशवी उलटी केली. पिशवीत काय निघालं ते पाहणारे तुमच्यातले चार जण तरी तिथे होते, चटणीची डबी निघाली.

मग मार्चएंडला स्टॉक टॅलीला बसले तेव्हा प्लेटिंगवाल्या व्हेंडरकडून बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे त्याच्याकडे आपला किती माल आहे त्याचा कागद, आला आणि त्यात आपलेच ते दोन क्रेट. शनिवारी संध्याकाळी सिस्टीम बंद होती, साहेबांनी फोनवर सांगितलं टेम्पो सोडा, चलन, म्हणजे मालासोबतचा कागद, सोमवारी करू, सोमवारी ते राहूनच गेलं. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल पाठवताना चलन लागतं हे आयटीआयच्या अप्रेंटिसला पण माहीत असतं. गेटच्या आउटवर्ड रजिस्टरला टेम्पोचा नंबर होता, तारीख होती, वेळ होती. म्हणजे जेव्हा त्याला चोर म्हटलं त्या दिवशी ते रजिस्टर दहा पावलांवर टेबलावर पडलेलं होतं आणि कोणी पान उलटून बघितलं नाही. माल परत आला, आत आल्याची नोंद झाली, साहेबांचा मेल आला की इन्व्हेंटरीचा मिसमॅच रिकन्साईल झाला, थँक्स टीम. टीमने थम्स अप दिले. मी एचआरला लेखी दिलं की आता त्या पोराचं काय, तर म्हणाले तो आपला एम्प्लॉयीच नव्हता, मॅटर क्लोज्ड आहे, तुम्ही पॉझिटिव्ह राहा.

आता ह्याच्यात पूजा कुठून आली असं विचाराल. पूजेतच आहे सगळं. तुम्ही कथा ऐकता का हो कधी? म्हणजे मोबाईल बाजूला ठेवून? गुरुजी दुसऱ्या अध्यायाला पोचेपर्यंत अर्धे लोक महाप्रसादाच्या रांगेचा अंदाज घेत असतात, आणि माइक असा लावलेला असतो की कॉम्प्रेसरच्या आवाजात फक्त 'इति श्री' तेवढं ऐकू येतं. म्हणून मी सांगतो.

तिसऱ्या अध्यायात साधु नावाचा वाणी आहे, जावयाला घेऊन व्यापाराला निघतो, समुद्राकाठी रत्नसारपूर नावाच्या गावात उतरतो, तिथे चंद्रकेतू राजा. राजवाड्यात चोरी होते, चोर पळत असतात, मागे शिपाई लागलेले दिसतात तेव्हा घाबरून सगळा माल ह्या दोघांच्या बिऱ्हाडापाशी टाकतात आणि पसार होतात. शिपाई येतात, माल दिसतो, दोघांना बांधून राजापुढे नेतात. राजा काही विचार न करता म्हणतो टाका बंदिखान्यात, आणि त्यांच्याजवळचं धन होतं नव्हतं ते पण जप्त करतो. पोथीत चक्क लिहिलंय की ते दोघं काय म्हणतायत ते कोणी ऐकलंच नाही.

आठवलं का काही?

दरवर्षी ही गोष्ट आपल्या प्लांटमध्ये, स्टोअरच्या शटरसमोर मांडव घालून वाचली जाते. चौरंगाला केळीचे खांब, समोर कलश, आणि गुरुजी खोट्या चोरीच्या आळात अडकलेल्या माणसाची गोष्ट वाचतायत, आणि ती ऐकायला पाटावर कोण बसणार तर ज्यांच्या फोनवरून टेम्पो सुटला ते. मला हे झेपत नाही. देवाला झेपत असेल, तो मोठा आहे.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकेकटं गाठून जे सांगितलं त्याच्याकडे येतो. सोड रे, देव बघतोय. देवाच्या काठीला आवाज नसतो. करावं तसं भरावं लागतं, बघ तू, साहेबांना एक दिवस बसेल फटका. पॅकिंगच्या एका ताईंनी तर साहेबांना शनीची साडेसाती कधी लागतेय ते पण काढून ठेवलंय. मला राग येत नाही ह्या बोलण्याचा, मनापासून बोलतात लोक, पण मी एक गोष्ट नोटीस केलीय. हे वाक्य बरोबर तेव्हाच येतं जेव्हा मी म्हणतो की एक अर्ज लिहूया, त्याच्यावर सही कर. पेन पुढे केला की देव बघतोय. जोपर्यंत पेन खिशात आहे तोपर्यंत सगळे तावातावाने साहेबांना शिव्या घालत असतात. आणि शनीची काठी पडेपर्यंत त्या पोराने काय खायचं? त्याला आता कुठल्या कंपनीत ठेकेदार घेत नाहीत, त्यांचे आपसात फोन असतात, तो मार्केट यार्डात गाड्या खाली करतो. गावाकडे कळलंय. त्याच्या बायकोने मार्गशीर्षातले सगळे गुरुवार केले, एवढं मला माहीत आहे कारण उद्यापनाला आमच्या घरून मी गेलो होतो.

दुसरं जे सांगतात ते जास्त धोक्याचं आहे. त्याचे भोग असतील. गेल्या जन्मीचं काहीतरी. हे म्हणणारे दोघं तुमच्या समितीत आहेत आणि चांगले वारकरी घरातले आहेत म्हणून त्यांना जरा सविस्तर विचारतो. समजा त्याचे भोग होते. मग त्याला चोर ठरवणाऱ्या साहेबांनी काय केलं? देवाचा हिशेब पुरा करून दिला. मग साहेबांना पाप कसलं? उलट पुण्यच लागायला हवं, वसुली वेळेवर करून दिली म्हणून. आणि मग साहेबांना पुढे फटका बसेल असं जे तुम्हीच आदल्या वाक्यात म्हणालात त्याचं काय झालं? दोन्ही एकदम कसं चालेल, साहेब शिक्षेचे पण धनी आणि देवाचे वसुली अधिकारी पण? तुम्हाला फटका बसतो तेव्हा ती साहेबांची नालायकी असते, मागच्या वर्षी ओव्हरटाईम कापला तेव्हा कोणी गेल्या जन्माचं नाव काढलं नव्हतं. गेला जन्म फक्त ठेकेदारीवाल्याचा निघतो.

बरं, आपल्याकडच्या संतांच्या गोष्टी घ्या. जनाबाईवर आळ आला तो विठोबाचं पदक चोरल्याचा. चोखोबांवर आळ आला तो विठोबाचा हार चोरल्याचा. एक घरकामाची दासी आणि एक महाराचा पोर. देवळात रात्रंदिवस राबता असणारे, गाभाऱ्याच्या किल्ल्या बाळगणारे दुसरे कोणी नव्हते का, पण आळ कोणावर आला बघा, सगळ्यात खालच्या पायरीवर जो उभा आहे त्याच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, संन्याशाला तरी लोक थोडं भितात, ह्यांना कोण भिणार. बरं गोष्टीत पुढे चमत्कार होतो. जनाबाईला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेली तर सुळाचं पाणी झालं. चोखोबांना बैलांना बांधलं तर बैल जागचे हलेनात. आपण टाळ्या वाजवतो आणि कीर्तन संपतं.

पण चोखोबांची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम निघालं, त्याच्यावर त्यांना राबायला नेलं, आणि ती भिंत अंगावर पडून ते मेले, साल 1338. एकटे नाही, बरोबरचे मजूर पण. नामदेव ढिगाऱ्यात हाडं शोधायला गेले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण वारीला गेलो की त्या समाधीला हात लावतो, आत जातो. मी प्रेस शॉपमध्ये सुरुवातीला काम केलंय म्हणून मला ही गोष्ट नेहमी वेगळीच लागते. हार चोरल्याच्या आळातून सोडवायला बैल थांबले आणि भिंत थांबली नाही, असं का? आणि त्याच मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट बघा, दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना खुलं केलं, बेदरच्या बादशहाने पकडून आणायला सांगितलं, तर देव स्वतः विठू महार होऊन बेदरला गेला, सगळी रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. दामाजीपंत भला माणूस, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण अधिकाऱ्याचा हिशेब मिटवायला देव महाराचं रूप घेऊन इतक्या लांब जातो आणि खरा महार भिंतीखाली गेला त्या दिवशी कुठे होता, हा प्रश्न मला पडतो आणि तो मी देवाला पाटावर बसून विचारलेला पण आहे. मी पहिला नाही विचारणारा. चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, विठ्ठलाला तोंडावर विचारलंय की आमची जात हीन केलीस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही. आणि त्याचा तो अभंग आपण जपून ठेवलाय, फाडून नाही टाकला. देवाला असं विचारलेलं चालतं आपल्यात. प्लांट हेडला विचारलेलं चालत नाही.

सत्यनारायणाच्या कथेत पण मला एक काटा आहेच. वाण्याने व्रत करतो करतो म्हणून टाळलं, देवाला राग आला, म्हणून हे सगळं घडलं असं पोथी सांगते, म्हणजे चोरांना तिकडे पाठवणारा पण तोच. व्रत टाळल्याची शिक्षा म्हणून चोरीचा आळ? आणि बरोबर जावई, त्याने तर काहीच बोललेलं नव्हतं, तो कशात गेला? लहानपणी आजीला विचारलं होतं, ती म्हणाली गप्प बस, नैवेद्याची वेळ झालीय. अजून मला उत्तर सापडलं नाहीये आणि माझा नमस्कार चालू आहे, दोन्ही एकत्र राहतात माझ्यात. फक्त एवढं कळतं की रत्नसारपूरला देवाची माया होती असं पोथी म्हणते, आपल्या स्टोअरला कसली माया होती? चलन नव्हतं फाडलेलं.

आता त्याच तिसऱ्या अध्यायाचा शेवट. हा तुम्ही नीट वाचाच, माझी विनंती आहे. देव राजाच्या स्वप्नात येतो आणि सांगतो की ते दोघं निर्दोष आहेत, सकाळी सोड आणि त्यांचं धन परत दे, नाहीतर तुझं राज्य राहणार नाही. एवढंच करतो देव. स्वतः येऊन बेड्या तोडत नाही, भिंती पाडत नाही. पुढचं सगळं राजा करतो. सकाळी उठून तो दरबार भरवतो आणि स्वप्न सगळ्यांसमोर सांगतो, सगळ्यांसमोर हं, केबिनमध्ये बोलावून नाही. दोघांना सोडवतो, त्यांची दाढी-डोकी करवतो, नवे कपडे देतो, दागिने देतो, आणि जेवढं धन घेतलं होतं त्याच्या दुप्पट करून परत देतो. हे पोथीत आहे, मी पदरचं घालत नाहीये. राजा म्हणाला नाही की हे परगावचे आहेत, माझी प्रजा नाहीत. शिपायांवर ढकललं नाही. मॅटर क्लोज्ड म्हणाला नाही.

आपल्याला स्वप्नाची पण गरज पडली नाही. व्हेंडरचं कन्फर्मेशन आलं, छापील, सही-शिक्क्याचं. देवाने त्याच्या वाटणीचं काम केलं असं धरून चला, उलट राजाच्या स्वप्नापेक्षा पक्कं काम केलं, स्वप्नावर कोणी शंका घेऊ शकतो. मार्चमध्ये केलं. तेव्हापासून काम राजाकडे पेंडिंग आहे आणि तुम्ही परत देवाकडेच बोट दाखवताय की तो बघेल. त्याने बघितलं. बघून कळवलं.

थोडं विषयांतर करतो पण ह्याच पोथीतलं आहे. दुसऱ्या अध्यायात तो मोळीविक्या आहे, लाकडं विकून पोट भरणारा, तो ठरवतो की आज जे मिळेल त्यात पूजा करीन आणि त्या दिवशी त्याला लाकडांचे दुप्पट पैसे मिळतात. कायद्यात पण ओव्हरटाईमला दुप्पट दरच आहे. आपल्याकडे ठेकेदारीवाल्यांना सिंगल मिळतो, स्लिपवर 'इन्सेन्टिव्ह' लिहून. राजाने वाण्याला दुप्पट, मोळीविक्याला दुप्पट, कायद्याने कामगाराला दुप्पट, आणि आपण पूजेच्या दिवशी पण सिंगल. एचआरच्या मॅडमना हे कोणीतरी दाखवा, कदाचित हसतील तरी.

आणि पाचवा अध्याय. तुंगध्वज राजा शिकारीवरून येताना बघतो की वडाखाली गवळी पूजा करतायत. हा थांबत नाही, नमस्कार करत नाही, गवळ्यांनी प्रसाद आणून पुढे ठेवला तर तो तसाच टाकून निघून जातो. पुढे सगळं जातं त्याचं, शंभर पोरं, धनधान्य. मग डोक्यात उजेड पडतो तेव्हा तो काय करतो, तर गवळ्यांना राजवाड्यात बोलावून घेत नाही, स्वतः चालत त्यांच्याकडे जातो आणि त्यांच्यात बसून पूजा करतो. आता आपल्याकडचा प्रसाद आठवा. स्टाफला लॉनवर महाप्रसाद, टेबलखुर्ची, जिलबी. पर्मनंटला कॅन्टीन. ठेकेदारीवाल्यांना शिफ्ट सुटताना गेटवर कागदात शिरा, तो पण सिक्युरिटी रजिस्टरला नाव टिकमार्क करून, कोणी दोनदा नेऊ नये म्हणून. मागच्या वर्षी हे बदला म्हणून मी तुमच्या मीटिंगमध्ये बोललो होतो तर बजेटचं कारण आलं. ठीक आहे, मग जिलबी काढा. पण पाचवा अध्याय वाचून दहा मिनिटांत त्याच मांडवात तीन रांगा लावायच्या, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

हा आपला जुना रोग आहे. दसऱ्याला सगळ्या मशीनला झेंडूचे हार घालतो, नारळ फोडतो, छान वाटतं, मला पण आवडतं, तेवढाच एक दिवस मशीन थंड असतं. पण ज्या प्रेसवर एका पोराची बोटं गेली तिथे दुसऱ्या दिवशी आधी काय झालं, तर शांत केली. लाईट कर्टनची, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या सेन्सरची, ऑर्डर नंतर निघाली, बऱ्याच नंतर. शांतीला खर्च कमी येतो आणि अप्रूव्हल लागत नाही. मी शांतीच्या विरोधात नाही, करा, पण सेन्सर लावून करा.

साहेबांबद्दल पण एक लिहितो म्हणजे एकतर्फी नको. ते वाईट आहेत असं मला वाटत नाही. कोविडमध्ये त्यांनी लोकांना स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलंय, मला माहीत आहे. टार्गेटचं प्रेशर असतं, वरून ओरडा बसतो, दोन क्रेट कमी म्हटल्यावर कोणाचं तरी नाव लागणार होतं आणि त्यांनी सगळ्यात स्वस्त नाव उचललं. पण मार्चमध्ये जेव्हा कळलं तेव्हा तर प्रेशर नव्हतं ना. तेव्हा एक फोन करायचा होता. चंद्रकेतूचं पण काही वेगळं नव्हतं, त्याने पण विचार न करता आत टाकलं होतं, तरी पोथी त्याला वाईट ठरवत नाही, कारण कळल्यावर तो सकाळची वाट बघून लगेच उठला.

तर आता मुद्द्याचं. मला साहेबांना पाटावरून उठवायचं नाहीये. बसू दे त्यांनाच. उलट तेच बसायला पाहिजेत. पण बसायच्या आधी काय काय व्हायला हवं ते लिहितो आणि समितीने हे त्यांच्यापर्यंत न्यावं, कारण समितीचं ते ऐकतात, माझ्यासारख्या इन्स्पेक्शनवाल्याचं कोण ऐकणार.

कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र हवं की त्या दिवशीची चोरी झालीच नव्हती, माल आपल्याच चुकीने व्हेंडरकडे होता, आणि ह्या माणसाचा त्यात काही संबंध नाही. त्याची एक कॉपी ठेकेदाराला, एक त्याला, आणि एक नोटीस बोर्डावर, जिथे पूजेची नोटीस लावलीय तिथेच शेजारी. पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली होती ना, मग पत्र पण सगळ्यांसमोर.

त्याचा हिशेब. कामावरून काढल्यावर कामाच्या दोन दिवसांत पगार चुकता करायचा असा कायदा आहे, त्याला दिवाळीचे पैसे आणि शेवटच्या महिन्याचे अजून मिळालेले नाहीत, ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल अडवलं. ठेकेदाराने दिले नाहीत तर कंपनीने द्यायचे आणि त्याच्याकडून वळते करायचे, हे पण कायद्यातच आहे, एचआरला माहीत नसेल असं मी मानत नाही. तो पर्मनंट असता तर चार्जशीट झाली असती, चौकशी झाली असती, सस्पेंड करून ठेवला असता तरी पहिले 90 दिवस अर्धा पगार चालू राहिला असता. त्याला ह्यातलं काहीच मिळालं नाही. दुप्पटचं मी नुसतं पोथीत आहे म्हणून सांगितलं, ते कंपनीच्या मनावर.

आणि त्याला परत बोलवा. येईल न येईल त्याचा प्रश्न. मी विचारलं तर तो म्हणाला त्या गेटमधून परत आत जायचं जिवावर येतं दादा. पण बोलावणं गेलं पाहिजे, आणि साहेबांनी स्वतः जाऊन केलं तर मार्केट यार्ड काही लांब नाही, तुंगध्वज चालत गेला होता, साहेबांकडे गाडी आहे.

एवढं झालं तर माझी वर्गणी मी त्याच दिवशी देतो, पावती फाडून ठेवा. शिरा ढवळायला पण येतो. नाही झालं तरी पूजा अडवणार नाही, घोषणा देणार नाही, मांडवात शेवटच्या रांगेत बसून कथा पूर्ण ऐकीन. फक्त गुरुजींना मी आधीच जाऊन भेटलोय आणि विनंती केलीय की तिसरा अध्याय मराठीतून, सावकाश, एकही ओळ न गाळता वाचा. ते हो म्हणालेत. कॉम्प्रेसर तेवढा वेळ बंद ठेवायचं मेंटेनन्सच्या मित्राने कबूल केलंय.

वर लिहिलेल्या मागण्यांचा अर्ज येत्या गुरुवारी एचआरला देतोय. स्टोअरच्या काउंटरवर ठेवलाय, सध्या माझी एक सही आहे आणि कॅन्टीनच्या मावशींची एक. मावशींनी विचारलं माझी चालेल का, मी तर कॅन्टीनवाली, म्हटलं सगळ्यात आधी चालेल. सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत काउंटर उघडं असतं. पेन सुतळीने बांधलाय, मागच्या वेळचा कोणीतरी खिशात घालून नेला.

आपला,
इन्स्पेक्शन विभागातला एक जुना कामगार